लिनक्स मिंटवर ब्रॉडबँडचा मोडेम चालेना, ड्रायव्हर कुठनं घ्यायचा? (उद्यमनगर, कोल्हापूर)

वर्कशॉपवाली

नमस्कार मंडळी. लिनक्समध्ये अगदीच नवीन आहे त्यामुळे काही येडपट विचारलं तर सांभाळून घ्या.

पप्पांचं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, तिथं दोन पीसी आहेत. एक जुना, विंडोज १० चा, त्यावर टॅली आहे म्हणून त्याला कुणी हात लावायचा नाही असा पप्पांचा हुकूम. दुसरा सेकंडहँड घेतलाय, पार्ट्यांकडनं येणारी ड्रॉइंगं बघायला आणि मेल करायला. ह्या दुसऱ्यावर विंडोज ११ बसत नाही, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे म्हणतंय, आणि १० चा सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावरनं लिनक्स मिंट २२ टाकलं, सिनॅमन वालं. इन्स्टॉल एकदम मस्त झालं, साउंड डिस्प्ले माउस सगळं आपोआप चालू, मला वाटलं काय उगंच घाबरत होतो.

पण नेट काय चालंना. इथल्या लोकल केबलवाल्याचं फायबर आहे, त्यानं एक पांढरा डबा दिलाय (तो मोडेम म्हणतोय), त्यातनं लॅनची वायर येते. विंडोजवर डेस्कटॉपवर 'ब्रॉडबँड कनेक्शन' म्हणून आयकॉन आहे, त्यावर डबल क्लिक, युजरनेम पासवर्ड, कनेक्ट, झालं. तीच वायर काढून मिंटच्या पीसीला लावली तर मागचा लाइट लुकलुकतो, कोपऱ्यातला आयकॉन गोल गोल फिरतो आणि मग 'कनेक्शन फेल्ड'. केबलवाल्याच्या पोराला फोन केला तर म्हणाला लिनक्सला आमचा ड्रायव्हर येत नाही, विंडोज टाका.

तर हा ड्रायव्हर कुठं मिळतो? आणि नेटच नाही तर डाउनलोड कसा करायचा? अजून एक, घरात जुना यूएसबी डोंगल पडलाय सिम घालायचा, तो तरी चालेल का लिनक्सवर?

---

तांबडा_पांढरा

विंडोज टाका ताई परत, विषय संपला. डोक्याला ताप कशाला

---

पेंग्विन_कळंबा

वरच्याकडं लक्ष देऊ नका ताई, ह्याचं प्रत्येक धाग्यात हेच असतंय.

ड्रायव्हर शोधू नका, लागतच नाही. लॅनच्या वायरीनं डबा जोडलाय म्हणजे लिनक्सच्या दृष्टीनं तिकडं मोडेम आहे का राउटर का अजून काय ह्याच्याशी घेणंदेणं नाही, त्याला फक्त आपलं लॅन कार्ड चालवायचं असतं आणि ते चालू आहे, लाइट लुकलुकतोय की. ड्रायव्हरचा प्रश्न यूएसबीनं जोडलेल्या वस्तूला येतो.

खरा प्रश्न असा की डायल कोण करतंय. दोन प्रकार असतात. एकात डबाच युजरनेम पासवर्ड लावून कनेक्ट होतो आणि पीसीला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) वाटतो, तिथं मिंटला वायर लावली की लगेच नेट. दुसरा प्रकार ब्रिज मोड, डबा नुसता इकडचं तिकडं पोचवतो आणि लॉगिन पीसीनं करायचं. तुमच्या विंडोजवर 'ब्रॉडबँड कनेक्शन' चा आयकॉन आहे म्हणजे तुमचं ब्रिज मोड, शंभर टक्के. त्या आयकॉनच्या मागं जे चालतं त्याला पीपीपीओई म्हणतात. मिंट बिचारं वायर लावल्यावर 'मला आयपी द्या' म्हणून ओरडत बसतंय (डीएचसीपी), पलीकडं द्यायलाच कुणी नाही, मग थोड्या वेळानं दमून फेल्ड म्हणतंय. केबलवाल्याचं पोरगं ज्याला ड्रायव्हर म्हणतंय ते विंडोजमधलं हे डायलर असणार.

हे मिंटमध्ये आधीपासनं आहे, काही डाउनलोड नको. असं करा:

कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या आयकॉनवर क्लिक करून 'नेटवर्क कनेक्शन्स' उघडा. ('नेटवर्क सेटिंग्ज' नव्हे हां, ते वेगळं, त्यात हा पर्यायच नाही आणि निम्मी जनता तिथंच शोधत बसते.) खाली अधिकचं चिन्ह आहे ते दाबलं की कुठल्या प्रकारचं कनेक्शन विचारेल, त्यात 'डीएसएल/पीपीपीओई' निवडा. फायबर असलं तरी हेच, नावावर जाऊ नका. मग पेरेंट इंटरफेस मध्ये तुमचं लॅन कार्ड, ईएनपी३एस० असलं काहीतरी नाव दिसेल. युजरनेम पासवर्ड केबलवाल्यानं दिलेलं जसंच्या तसं, कॅपिटल स्मॉल बघून, आणि युजरनेमच्या पुढं ॲट द रेट आणि काही असेल तर तेपण. सर्व्हिसचा रकाना मोकळा सोडा. सेव्ह.

शिवाय आधीचं जे 'वायर्ड कनेक्शन १' आहे त्याच्या जनरल टॅबमध्ये जाऊन आपोआप कनेक्ट व्हायची टिक काढा, नाहीतर ते मध्ये मध्ये त्याच कार्डावर हक्क सांगतंय. आणि नव्या डीएसएलला ती टिक लावा म्हणजे पीसी चालू केला की नेट चालू, आयकॉनवर डबल क्लिक करायची भानगड राहत नाही.

डोंगलचं नंतर बघू. तोवर काही शोधायचं झालं तर फोन डेटा केबलनं पीसीला लावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टिदरिंग चालू करा, अँड्रॉइड असेल तर मिंटला ते वायर्ड कनेक्शनच वाटतं आणि लगेच चालतं.

---

जुना_मोडेम

पेंग्विन बरोबर सांगतोय. फक्त 'लिनक्सवर मोडेम चालत नाही' ही आवई कुठनं उठली ते सांगतो, कारण ती पार खोटी नव्हती.

डायलअपच्या काळात पीसीच्या आत कार्डासारखे स्वस्तातले मोडेम यायचे, विनमोडेम म्हणायचे त्यांना. खऱ्या मोडेममध्ये सिग्नलचं सगळं गणित करायला स्वतःची चिप असते, ह्या स्वस्तातल्यांत ती नव्हती, ते काम विंडोजचा ड्रायव्हर पीसीच्या प्रोसेसरकडनं करून घ्यायचा. कंपन्या लिनक्ससाठी ड्रायव्हर द्यायच्या नाहीत म्हणजे ते कार्ड लिनक्सवर नुसतं शोभेचं. सिरियल पोर्टला लावायचा बाहेरचा मोडेम असला की बिनतक्रार चालायचा, पण तो महाग.

मग २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, २५६ केबीपीएस, आणि आम्हाला तेव्हा ते स्वर्ग वाटलं होतं हसू नका. त्या काळात एडीएसएलचे (फोनच्या तांब्याच्या लाइनीवरनं येणाऱ्या ब्रॉडबँडचे) मोडेम दोन तऱ्हेचे मिळायचे. नुसत्या यूएसबीवाल्याला लिनक्सवर फर्मवेअरची (मोडेमच्या आतल्या प्रोग्रामची) फाइल वेगळी काढून घालावी लागायची, लोकं रात्र रात्र जागलीत त्यावर. यूएसबी आणि लॅन दोन्ही पोर्ट असलेल्याला लॅनची वायर लावली की सगळी कटकट मिटायची, पण सीडीवर आणि खोक्यावर यूएसबीचंच चित्र मोठं, मग नवीन माणूस यूएसबीच लावायचा आणि लिनक्सला शिव्या घालायचा. आजही कुणाच्या घरी तसला जुना मोडेम असेल तर वायर लॅनचीच लावा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा, बीएसएनएलच्या एडीएसएलला व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ घाला, एन्कॅप्सुलेशन एलएलसी, मोड पीपीपीओई, लॉगिन मोडेममध्येच भरा. मग लिनक्स असो विंडोज असो काही फरक नाही.

पावसाळ्यात तांब्याच्या लाइनीत पाणी शिरलं की ह्यातलं काहीच चालत नाही ते वेगळं.

---

वर्कशॉपवाली

@पेंग्विन_कळंबा खूप खूप धन्यवाद, एवढं सविस्तर कुणी सांगत नाही. केलं तुम्ही सांगितलं तसं, डीएसएल/पीपीपीओई सापडलं, पेरेंट इंटरफेस पण. आता लगेच फेल नाही होत, थोडं थांबून मग फेल होतंय. पासवर्ड पुन्हा पुन्हा बघितला, विंडोजवर तोच चालतोय. काय बघू?

टिदरिंग मात्र लै भारी, वायर लावल्या लावल्या चालू! हे सगळं तिथनंच टाइप करतीय.

---

पेंग्विन_कळंबा

थांबून फेल होतंय म्हणजे पुढं सरकलंय. आता ते नेमकं कुठं अडतंय ते लॉग (सिस्टिम ठेवते ती नोंद) सांगेल, अंदाजानं काही बदलू नका.

टर्मिनल उघडा आणि ही कमांड टाका: जर्नलसीटीएल, स्पेस, डॅश यू, स्पेस, नेटवर्कमॅनेजर, स्पेस, डॅश एफ. (देवनागरीत लिहितोय पण टाइप इंग्रजी अक्षरांत करायचं, सगळं स्मॉल, फक्त नेटवर्कमॅनेजर मधला एन आणि एम कॅपिटल आणि तो एकच शब्द.) ही खिडकी तशीच ठेवा आणि दुसरीकडं डीएसएल कनेक्ट करा. ओळी धडाधड येतील, घाबरू नका, त्यात दोनच गोष्टी शोधायच्या.

'टाइमआउट वेटिंग फॉर पाडो पॅकेट्स' असं दिसलं तर तुमच्या पीसीनं हाक मारली आणि पलीकडनं ओ आलीच नाही. पीपीपीओईत पहिल्यांदा पीसी पाडी नावाचं पॅकेट सगळीकडं पाठवतो, सर्व्हर पाडो पाठवून उत्तर देतो, मग पुढची बोलणी. पाडोच नाही म्हणजे वायर, पोर्ट, डबा किंवा केबलवाल्याकडचं काहीतरी. पासवर्डचा संबंधच आलेला नाही अजून, तो बदलत बसू नका.

'ऑथेंटिकेशन फेल्ड' दिसलं तर सर्व्हर बोलतोय पण तुम्हाला आत घेत नाही. विंडोजवर ह्यालाच एरर ६९१ म्हणतात.

---

वर्कशॉपवाली

दुसरं! ऑथेंटिकेशन फेल्ड. पण पासवर्ड बरोबर आहे हो, खरंच

---

केबलची_गाठ

ताई मी ह्याच धंद्यात काम केलंय (कुठं ते विचारू नका), सांगतो. पासवर्ड बरोबर असूनपण आत घेत नाही ह्याची दोन कारणं असतात आणि तुमच्याकडं बहुतेक दोन्ही हायत.

एक, सेशन. लोकल ऑपरेटरकडं एका लॉगिनला एकाच वेळी एकच कनेक्शन असतंय. विंडोजवर डिस्कनेक्ट न करता नुसती वायर उपटून दुसऱ्या पीसीला लावली की सर्व्हरला वाटतंय पहिला अजून आत हाय. थोडा वेळ थांबावं लागतंय ते सेशन मरायला. म्हणून आधी विंडोजवर डिस्कनेक्ट दाबायचं आणि मगच वायर काढायची.

दोन, मॅक बाइंडिंग. प्रत्येक लॅन कार्डाला एक नंबर असतो, मॅक ॲड्रेस, बारा आकडे-अक्षरांचा. पहिल्यांदा कनेक्शन दिलं तेव्हा ज्या पीसीवरनं लॉगिन झालं त्याचा मॅक सिस्टिमला चिकटवून ठेवलेला असतो, म्हणजे शेजाऱ्याला लॉगिन वाटून खाता येऊ नये. तुमचा दुसरा पीसी दुसऱ्या मॅकचा, त्यामुळं लिनक्स असो विंडोज ११ असो, आत घेणारच नाही. त्या पोरानं लिनक्सचं नाव ऐकलं आणि मोकळा झाला. नवीन पोरांना तेवढंच शिकवलेलं असतंय, त्याला तरी काय बोलायचं.

उपाय सोपा. ऑफिसला फोन करायचा आणि लिनक्स हा शब्दच काढायचा नाही. 'पीसी बदललाय, मॅक रिसेट करून द्या' एवढंच म्हणायचं. रोजचं काम आहे, दोन मिनिटात करतेत.

---

पेंग्विन_कळंबा

+१, मॅकचं माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण मी धरून चाललो होतो पीसी एकच आहे.

फोन करायचा नसेल तर दुसरी वाट पण आहे. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश ऑल टाकलं की लॅन कार्डापुढं 'फिजिकल ॲड्रेस' दिसतो, तो लिहून घ्या. मिंटमध्ये त्याच डीएसएल कनेक्शनच्या इथरनेट टॅबमध्ये 'क्लोन्ड मॅक ॲड्रेस' चा रकाना आहे तिथं भरा, विंडोज मध्ये डॅश दाखवतं तिथं इकडं कोलन द्यायचा. पण दोन्ही पीसी एकाच स्विचवर एका वेळी चालवायचे असतील तर हे करू नका, दोघांचा नंबर एकच झाला की दोघंही लटकतात.

---

वर्कशॉपवाली

झालंऽऽऽ 🎉 मॅक रिसेट म्हटलं, त्यांनी 'ओके मॅडम' म्हटलं, चहा संपायच्या आत नेट चालू. पेंग्विनदादा, केबलदादा दोघांना उद्यमनगरात आलात की मिसळ माझ्याकडनं.

पण आता नवीन घोळ, विंडोजवर नेट बंद 😅 पप्पांना जीएसटी भरायचाय. सारखं फोन करून रिसेट करत बसायचं का?

---

केबलची_गाठ

व्हय की, आता मॅक लिनक्सवाल्याचा चिकटला.

राउटर घ्या एक. साधा चालतोय, फक्त मागं वॅन लिहिलेला पोर्ट असलेला. डब्याची वायर त्या वॅनमध्ये, राउटरच्या पेजवर जाऊन (१९२.१६८.०.१ किंवा १.१, खालच्या स्टिकरवर असतंय) वॅन टाइप पीपीपीओई, लॉगिन भरायचं, शेवटचा एक फोन करायचा मॅक रिसेटला, झालं. दोन्ही पीसी राउटरच्या लॅन पोर्टला. मग मिंटमध्ये ते डीएसएल वगैरे पुसून टाका, साधं वायर्ड कनेक्शन आपोआप चालणार.

---

जुना_मोडेम

हेच पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं खरं. माझं मत विचाराल तर पीसीनं डायल करणं ही पद्धतच आता बंद व्हायला पाहिजे. आणि सुरक्षेच्या दृष्टीनं पण, पीसी थेट डायल करतो तेव्हा मध्ये कुणी नसतं, आणि मिंटमधली फायरवॉल (बाहेरनं येणारी नको ती कनेक्शनं अडवणारी) इन्स्टॉल असली तरी सुरुवातीला बंद असते. मेनूत 'फायरवॉल' शोधा आणि ती चालू करा, राउटर घेतला तरी करा. राउटरचा ॲडमिन पासवर्ड पण बदला, तो बहुतेक जण बदलत नाहीत.

---

पेंग्विन_कळंबा

काका, पीपीपीओई हाताने करून बघितल्यामुळं ताईंना लॉग वाचता आला की. राउटरमध्ये फेल झालं असतं तर नुसता लाल लाइट बघत बसल्या असत्या.

ताई, राउटर लावल्यावर काही साइट उघडतात आणि काही (बँकेच्या, सरकारी) अर्ध्यात लटकतात असं झालं तर एमटीयू (एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार) बघा. साधं पॅकेट १५०० बाइटचं, पीपीपीओई त्यातले ८ खातं म्हणून १४९२ उरतात, काही ऑपरेटरकडं अजून कमी. टर्मिनलमध्ये पिंग, स्पेस, डॅश कॅपिटल एम, स्पेस, डीओ, स्पेस, डॅश स्मॉल एस, स्पेस, १४६४, स्पेस, ८.८.८.८ टाका (आकडे पण इंग्रजीच). उत्तर आलं तर १४९२ ठीक आहे, नाहीतर १४६४ कमी करत जा, जिथं उत्तर येईल त्यात २८ मिळवा आणि तो आकडा राउटरच्या एमटीयूत घाला.

आणि काहीच साइट उघडत नाहीत पण ८.८.८.८ ला साधं पिंग जातंय असं असेल तर नेट चालू आहे, डीएनएस (साइटच्या नावावरनं तिचा आयपी शोधणारी सोय) गंडलाय. राउटरमध्ये डीएनएस १.१.१.१ आणि ८.८.८.८ देऊन बघा.

---

धुक्यातला_राधानगरी

धाग्यात घुसतोय माफ करा पण ताईंनी डोंगलचं विचारलेलं त्याचं उत्तर कुणीच दिलं नाही आणि मला तेच पाहिजे. आमच्याकडं फायबर नाही, काही नाही, हुवावेचा डोंगल हाय जुना थ्रीजीचा. मिंटला लावला की सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतोय, आत विंडोजची सेटअप फाइल. वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून ती चालवू का?

---

पेंग्विन_कळंबा

वाइन अजिबात नको भावा.

डोंगल लावल्यावर तो मुद्दाम आधी सीडी असल्याचं सोंग घेतो, म्हणजे विंडोजला त्यातनंच ड्रायव्हर मिळावा. तिथं ड्रायव्हर बसला की त्याला 'आता मोडेम हो' असा इशारा जातो. लिनक्सवर तो इशारा यूएसबी-मोडस्विच नावाचं पॅकेज देतं. टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (सलग, स्मॉल) टाक, हुवावेच्या ओळीत १२डी१ दिसेल, त्याच्या कोलनपुढचा आकडा लक्षात ठेव. डोंगल लावून मिनिटभरानं परत बघ, आकडा बदलला म्हणजे सोंग उतरलं. नाही बदलला तर फोनच्या टिदरिंगवरनं यूएसबी-मोडस्विच आणि मोडेममॅनेजर दोन्ही सॉफ्टवेअर मॅनेजरमधनं टाक आणि डोंगल काढून परत लाव.

मग त्याच 'नेटवर्क कनेक्शन्स' मध्ये अधिक दाबून 'मोबाइल ब्रॉडबँड', देश इंडिया, कंपनी निवड, एपीएन (कंपनीच्या नेटला जोडायचं नाव) तो स्वतः भरतो. बीएसएनएलला बीएसएनएलनेट, एअरटेलला एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, चुकीचा दिसला तर हाताने बदल. सिमला पिन असेल तर फोनमध्ये घालून आधी काढून टाक.

सिम कुठलंय पण?

---

धुक्यातला_राधानगरी

जिओ

---

केबलची_गाठ

मग कायबी कर मर्दा, नाय चालायचं 😂 जिओला थ्रीजी हायच कुठं, ते सुरूच झालं फोरजीवर. डोंगल थ्रीजीचा म्हटल्यावर लिनक्सचा काय दोष. एअरटेलनंपण थ्रीजी बंद केलंय, त्याचं सिम घातलंस तर टूजीवर रडत बसशील.

---

पेंग्विन_कळंबा

बरोबर. राधानगरीवाल्या, त्या डोंगलवर पैसे आणि वेळ घालवू नको. फोनला जिओची रेंज येत असेल तर फोनच टिदरिंगला लाव, नाहीतर फोरजीचा डोंगल बघ. फोरजीवाल्यांत बरेच हायलिंक पद्धतीचे असतात, ते पीसीला लॅन कार्ड असल्यासारखे दिसतात आणि सेटिंग ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ वर उघडतात, लिनक्सवर ड्रायव्हर डायल काही नाही. घेताना सिमलॉक (एकाच कंपनीचं सिम चालायचं बंधन) नसलेला घे, आणि दुकानदाराला आधी तुझंच सिम घालून नेट चालू करून दाखवायला सांग.

---

वर्कशॉपवाली

राउटर आला, लावला, दोन्ही पीसी चालू, जीएसटी पण भरून झाला. पिंगचं उत्तर १४६४ ला आलं त्यामुळं एमटीयूला हात लावला नाही. फायरवॉल चालू केली. आमचा डोंगल पण थ्रीजीचाच निघाला, कुणाला पाहिजे असेल तर घेऊन जा फुकट, फक्त जिओवाल्यांनी येऊ नये 😄

आता पप्पा म्हणतायत ह्या पीसीवरनं प्रिंट पण निघाली पाहिजे. प्रिंटर विंडोजच्या पीसीला यूएसबीनं आहे. नवीन धागा काढू का इथंच विचारू?

---

जुना_मोडेम

नवीन काढा. आणि त्यात प्रिंटरचं पूर्ण मॉडेल लिहा, नुसतं कंपनीचं नाव नको.